नाल्याकाठची हिरवळ

पितळी नळाच्या तोंडाशी थेंब जमत होता, फुगत होता, पडत मात्र नव्हता... कोवळ्या हिरवळीसाठी बसवलेला हा नवा नळ, आणि सरिता त्याच्याकडे पाहत उभी. मागे मांडवात बागेच्या उद्घाटनाची भाषणं चाललेली. नळच तर मागितला होता आपण — नाल्याकाठच्या झोपड्यांसाठी एक नळ, बायकांसाठी संडास. त्यासाठी ती गंगापूर रोडवरचे बंगले दारोदार फिरली, माणसं जमवली, नागरिक मंच उभा केला. माणसं आली; पण ती नाल्याच्या वासाला कंटाळून आली होती, हे तिला उशिरा कळलं. मंचाचे अध्यक्ष यादवसाहेब एका बैठकीत म्हणाले होते, "सरिताताई, नळ दिला की वस्ती कायमची होते. आधी जागा मोकळी होऊ दे." ती विरोधात बोलली, एकटीच. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा आला... आणि पुढे एका सकाळी झोपड्या उचलायला ट्रक आले.

"ताई, गवतावरनं जरा बाजूला व्हा."

भागीबाई. हरसूलकडची, त्या सिमेंटच्या बाकाच्या जागी तिची झोपडी होती. आता हातात खुरपं — कंत्राटदाराकडे रोजानं हिरवळ लावत होती.

"कुठं राहता आता, भागीबाई?"

"हायवेच्या पल्याड. लय लांब पडतं, पर काम बरं हाय." ती हसली. "यादवसाहेबांना सांगा ना ताई, मला हितंच झाडलोटीला ठेवा म्हणून. तुमचं ऐकतील."

माझं ऐकतील... ही भेट सरितानं मनात कितीदा घडवली होती. भागीबाई तोंडावर बोलेल, मी मान खाली घालीन, मग सांगेन — मी नाही म्हणाले होते हो, मी एकटीच. ते सगळं तिनं घासूनपुसून तयार ठेवलं होतं. ते कुणी मागितलंच नाही.

"सांगते," ती म्हणाली.

मांडवातून तिचं नाव पुकारलं गेलं, मंचाच्या संस्थापक म्हणून. टाळ्या पडल्या. भागीबाईनंही खुरपं खाली ठेवलं आणि मातीच्या हातांनी टाळ्या वाजवल्या, मनापासून — आणि सरिताला तिचा राग आला, यादवांचा कधी आला नव्हता एवढा. शिव्या दे ना बाई, एक तरी दे... व्यासपीठाकडे चालताना भाषणासाठी काल ठरवलेलं एकही वाक्य तिला आठवेना, आठवावंसंही वाटेना. फक्त तो राग होता, कुणावर टाकावा ते न कळणारा, आणि लोक वाट करून देत होते.