काळी दोनचा सूर

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पांढरी सात सीटर गाडी महिन्याभरात तिसऱ्यांदा गोकुळदासच्या गॅरेजसमोर येऊन उभी राहिली. तक्रार तीच होती: कूं करून येणारा बारीक, ताणलेला आवाज. पहिल्या खेपेला गोकुळदासने फॅनबेल्ट बदलला होता, दुसऱ्या खेपेला अल्टरनेटरचे बेअरिंग. दोन्ही वेळा "आता गेलो आवाज" म्हणून गाडी परत पाठवली होती.

विनोदिनी गाडीतून उतरली. लाटंबार्सेच्या शाळेत ती शिकवते आणि देवळात भजनाला पेटीची साथ करते. नवरा वास्कोला बंदरात; तो शनिवारी घरी येतो. त्यामुळे गाडी तिच्याच हातात असते. मुलगी सेजल यंदा बेळगावच्या कॉलेजात जाणार होती.

"मेस्त्री, उद्या सेजलाक बेळगावाक कॉलेजात सोडूक व्हया," ती म्हणाली. "सासूबाय, चेडू, सामान, सगळा घेऊन चोर्ला घाट चढायचो आसा. आनी हो आवाज आसाच."

"बघूया, बाय. गाडी चालू करा."

गोकुळदासने बॉनेट उघडले, लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला टेकवले आणि मूठ कानाला लावली. त्याच्या कानाची तालुक्यात ख्याती होती. रस्त्याने जाणाऱ्या गाडीत काय बिघडलंय ते तो हातातला चहा खाली न ठेवता सांगत असे. ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची. लोकांनी ख्याती मागे घेतली नव्हती, आणि त्यानेही परत केली नव्हती.

"आयकूक येता मां?" विनोदिनीने विचारले.

"व्हय तर! येता." त्याने मान डोलावली. "पुली असतली."

तिने इंजिन बंद केले. "मेस्त्री, उभ्या गाडयेत तो येणाच नाय. चाळीसच्या वर गेल्यारच येता. पयल्याच दिसा सांगलंय मी तुमका."

पहिल्या दिवशी मागे कॉम्प्रेसर चालू होता आणि तिचे बोलणे त्यात बुडाले होते. तेव्हाही त्याने अशीच मान डोलावली होती.

गोकुळदास स्क्रूड्रायव्हर पुसत राहिला. तो स्वच्छच होता. 'कंपनीच्या शोरूमला न्या' एवढे म्हटले असते तर नाव शाबूत राहिले असते. पण शोरूमवाले आठ दिवसांनंतरची तारीख देतात, आणि ही बाई उद्या घाट चढणार होती.

"बाय," तो खाली बघत म्हणाला, "मी तो आवाज एकदाय आयकूक नाय. बारीक आवाज माका आयकूकच येणा नाय. खाणीर वीस वर्सां टिपर दुरुस्त केले. कान थंयच ठेवून इलंय."

"घरात कोणाक म्हायती आसा?"

"बायलेक, यशोदाक. कुकरच्यो शिट्यो तीच मोजता."

विनोदिनीला हसू आले, मग तिने ते आवरले. ती रागावेल असे त्याला वाटले होते. तिने बाजूचे दार उघडले.

"बसा. मी आयकतंय, तुम्ही विचारा."

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. काजूची झाडे मागे पडू लागली. गोकुळदास रस्त्याकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत होता.

"इलो," ती म्हणाली. "पन्नासाक काळी एक. आता थोडो वाढवतंय... काळी दोन."

"ह्या कसला माप, बाय?"

"पेटयेचा. काळी पट्टी दुसरी."

"बरा. क्लच दाबा. इंजिन उतरला, आवाज उतरलो?"

"नाय. काळी दोनच."

"आता ब्रेक. हळू."

"उतरता. सूर गाडयेवांगडा खाली येता."

गोकुळदासने मांडीवर हात मारला. इंजिन नव्हेच! आवाज चाकांचा होता, आणि तो महिनाभर बॉनेटखाली शोधत होता. पुढे दोन वळणे होती. डाव्या वळणावर आवाज वाढला, उजव्या वळणावर दबला, असे तिने सांगितले. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो.

गॅरेजमध्ये गाडी जॅकवर चढली. त्याने पुढच्या डाव्या चाकामागच्या स्प्रिंगला हात लावला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवले. रेशीम. मग उजवे. स्प्रिंगमधून बोटांना कचकच आली, सुपात तांदळाबरोबर खडे घोळावेत तशी. डोळे मिटून त्याने चाक पुन्हा फिरवले. कानांनी सोडलेले काम बोटांनी धरले होते.

दुपारी म्हापशाहून नवे बेअरिंग आले. जुने त्याने प्रेसवर काढले आणि फोडून तिच्या हातात ठेवले. गोळ्यांच्या वाटेवर तांदळाएवढा खड्डा पडला होता.

"घाटात चाक धरला असता," तो म्हणाला. "माझ्या कानांपायी."

तिने खड्ड्यावरून बोट फिरवले.

"तुम्ही सांगलात, म्हणान गावलो," ती म्हणाली. "सांगूक नसता तर?" मग पर्समधून वहीचे पान काढून तिने 'गुरुवार, सकाळी नऊ' असे लिहिले. "सरकारी इस्पितळात कानांचो दोतोर बिरेस्तारा बसता. मशीन घातल्यार लाज कसली? माझी सासू घालता, आनी सगळ्या वाड्याची चुगली आयकता."

मंगळवारी सकाळी नेहमीचे गिऱ्हाईक साईश पिकअप घेऊन आला. गोकुळदासने आधी कॉम्प्रेसर बंद केला.

"काय झाला तां सांग. आवाज तुकाच आयकूचो लागतलो. माका बारीक आयकूक येणा नाय."

"तुमका?" साईश हसला. "मस्करी करतात!"

"खराच सांगतंय."

दहा वाजून चाळीस मिनिटांनी खिशातला फोन थरथरला. विनोदिनीने घाटमाथा ओलांडला होता. गाडी साठावर चालली होती, आणि सेजलने फोन पायाशी, चाकाच्या बाजूला धरला होता.

"आयकताय मेस्त्री?" विनोदिनी लांबून ओरडली. "काय आयकूक येता?"

गोकुळदासने फोन कानाला घट्ट दाबला.

"काय्येक नाय, बाय."

"माकाय नाय!"

वहीचे पान कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेले आहे. दवाखाना गुरुवारी नऊला उघडतो. आज मंगळवार.