शामरावांची वाक्यं

छप्पन सालच्या सुरुवातीला परळच्या एका पोस्टाबाहेर आम्ही दोघे पत्रं लिहून द्यायला बसायचो. शामराव तीस वर्षं मुरलेले. मी, रामदास, वरळीच्या बीडीडी चाळीतला, जेमतेम महिन्याचा. त्यांच्यापुढे गिरणीवाल्यांची रांग, मी माशा मारत. असंच चाललं तर होळीनंतर मला गिरणीत बदली कामगार म्हणून लावायचं वडिलांनी ठरवलं होतं. मला तर लिहिण्याशिवाय काही येत नव्हतं.

तसं एक येत होतं. नळावरचं भांडण मी घरी शब्दाला शब्द सांगायचो. पण त्याला कोण विद्या म्हणतो? मी शामरावांची भारदस्त वाक्यं पाठ केली. चार गिऱ्हाइकं वाढली आणि माझी मान ताठ झाली.

तेवढ्यात लालबागचा रघू आला. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात पळापळीत त्याचा पाय मुरगळला होता. गावी आईला एवढंच कळवायचं होतं, मी बरा आहे, काळजी नको. इतकंच लिहायची मला लाज वाटली. मी लिहिलं, 'महाराष्ट्राच्या रणयज्ञात आपल्या सुपुत्राच्या चरणी आघात झाला. ईश्वरेच्छा बलीयसी.' हे शेवटचं वाक्य शामराव मयताच्या पत्रात घालतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

गावात शाळामास्तरांनी पत्र वाचलं आणि घरात रडारड झाली. गोळीबाराच्या बातम्या तिकडे पोचल्याच होत्या. रघूची आई, सुभद्राबाई, मिळेल त्या बोटीनं मुंबईला आली. बघते तर मुलगा भात ओरपतोय.

दुसऱ्या दिवशी ती रघूला घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. अख्खी रांग बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनेला ताबडतोब पत्र टाकायचं होतं. शामराव म्हणाले, मी लिहून देतो.

"नाय," ती खाली बसत म्हणाली. "जेना माका रडवल्यान, तोच लिवतलो."

मी मान वर केली नाही. ती बोलली तसं लिहीत गेलो. शांता, रघू बरो आसा. मी पुढल्या बोटीन येतंय. म्हशीक पाणी दाखय. लिहून झाल्यावर तिनं वाचायला लावलं. मी नळावरचं भांडण सांगावं तसं, तिच्याच सुरात वाचलं.

रघू उठायला लागला, सुभद्राबाईनं त्याला हातानं थांबवलं.

"आनी लिव," ती हळू म्हणाली. "मी निघालंय तेवा तू कुडाआड रडत होतंस, ता मी बघलंय. माका पण रडाक येय होता. तुका दाखवलंय नाय."

मी त्यात माझा एक शब्द घातला नाही. डोळे मात्र भरून आले.

ती पत्र पेटीत टाकून गेली. शामरावांनी टाक खाली ठेवला होता.

"रामदास," ते म्हणाले, "माझी वाक्यं मला परत दे. तुला त्यांची गरज नाही."