घड्याळाच्या पोटातला बोल्ट

मी एक रायफल बोलतेय. घाबरू नका, आत्ता रिकामी आहे, आणि बोल्टही माझ्यापाशी नाही. बोल्ट म्हणजे माझ्या पाठीतला दांडा. तो पुढे ढकलून वळवला की काडतूस नळीत घट्ट कोंडलं जातं. त्याच्यापायीच एका दुपारी माणसाचा डोळा जायची वेळ आली होती.

जन्म माझा लढाईतला. सैन्यातले दिवस चिखलात आणि मग गोदामात गेले, सांगण्यासारखं त्यात काही नाही. पुढे माझ्या पुष्कळ बहिणी भंगारात गेल्या. मला मात्र एका कारागिराने निवडून काढलं. पुढचं लाकूड कापलं, जाड नळी बसवली, नेम धरायला बारीक भोकाची चकती लावली. बोल्ट तेवढा माझाच ठेवला. नव्या नळीशी त्याचं माप केसभरही चुकू नये म्हणून तो कितीतरी वेळ घासत बसला होता. माणसं मारायला घडवलेली मी कागदात भोकं पाडू लागले. खरं सांगते, हे काम मला जास्त आवडलं.

माझा धनी डेस्मंड पास्को, गणिताचा मास्तर. शनिवारी बिस्लीच्या नेमबाजीच्या मैदानावर, एरवी संध्याकाळी बैठकीतल्या गालिच्यावर पालथा पडून रिकामा सराव. बोल्ट पुढे, दांडी खाली. खट्-खट्. त्याची बायको हेस्टर स्वयंपाकघरातून म्हणायची, "शत्रू मेला असेल तर जेवायला ये."

या लोकांची एक रीत आहे. रायफल एका कुलपात, बोल्ट भलतीकडेच. चोराला एक सापडलं तरी दुसरं सापडू नये. रीत चांगलीच आहे. पण डेस्मंडने बोल्टची जागा बायकोलाही सांगितली नाही, आणि एके दिवशी बागेत वाटाणे तोडता तोडता तो गेला. हेस्टरने घर पालथं घातलं, बोल्ट मिळाला नाही. शेवटी तिने मला तशीच एका दुकानदाराला विकली. मला फार वाईट वाटलं. तिचा काय दोष होता त्यात?

त्या दुकानदाराने कुठल्या तरी परक्या रायफलीचा बोल्ट माझ्यात खुपसला, त्याचा नंबर घासून काढला आणि माझा ठोकला. अंगाचा आणि बोल्टचा नंबर जुळला की जुन्या रायफली जमवणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ऑब्रे लँगरिज असाच एक जमवणारा. माझ्यासारख्या रूप पालटलेल्या लष्करी रायफली ओळखण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. दुकानात त्याने मला उताणी पाडलं, भिंग लावून नळीवरचे ठसे वाचले, कापलेल्या लाकडाची कड चाचपली, कारागिराची खूणही शोधली. कुठे चुकला नाही. मग बोल्टचा नंबर पाहिला आणि खूश होऊन भिंग खिशात टाकलं. अरे शहाण्या, अजून जरा बघ, असं मी मनात ओरडत होते.

कारण तो परका बोल्ट मला आखूड पडत होता. काडतुसामागे फट राहत होती. अशा फटीत पितळ ताणलं जातं, ताणून ताणून फाटतं, आणि आतला जाळ थेट नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो.

मग जुन्या रायफलींची स्पर्धा आली. गोळीबार सुरू होण्याचं लाल निशाण चढलं. ऑब्रे चटईवर पालथा पडला, माझ्या लाकडाला गाल लावला. पहिली गोळी सुटली तेव्हाच पितळ कण्हलं. पुन्हा भरायला उपयोगी म्हणून त्याने काडतुसाची रिकामी पुंगळी आपल्या टोपीत टाकली, बघितली नाही. दुसऱ्या गोळीला माझा जीव नळीशी आला. त्याने तिसरं काडतूस आत सारलं.

"थांबा!" मैदानाचा अधिकारी ओरडला.

मागे हेस्टर उभी होती, हातात चहाच्या किटलीवर घालायची लोकरी टोपी. ऑब्रेने काडतूस काढून मला मोकळी केली आणि चिडूनच उठला.

"या रायफलीचा बोल्ट माझ्याकडे आहे," हेस्टर म्हणाली. "उभ्या घड्याळाच्या पोटात लपवला होता नवऱ्याने. दुरुस्तीला आलेल्या माणसाला सापडला. रायफल कोणी घेतली ते दुकानदाराकडून कळलं."

"बाई, बोल्ट रायफलीतच आहे. नंबर जुळतो."

तिने लोकरी टोपी उघडली. "याचाही जुळतो."

"म्हणजे एक खोटा."

"माझा तर कधी विकलाच नव्हता. तुमचा कुठून आला?"

ऑब्रेचे कान लाल झाले. "उरलेल्या गोळ्या मारतो, मग निवांत बघू."

"मारा की. पण आधी तुमच्या टोपीतल्या पुंगळ्या उजेडात धरा. आमचे हे दर वेळी धरायचे. मला वाटायचं, लागलंय वेड."

ऑब्रेने नाइलाजाने पहिली पुंगळी धरली. बुडाजवळ चकचकीत कडं उमटलं होतं. दुसरीच्या कड्यावरून त्याने नख फिरवलं. नख अडकलं. तिथे चीर होती. बराच वेळ त्याने डाव्या हाताने उजवा डोळा झाकून धरला होता.

मग त्याने परका बोल्ट उपसला आणि तिच्याकडचा माझ्यात घातला. पुढे, खाली. खट्-खट्.

हेस्टरने मान फिरवली. "जेवायला ये," ती पुटपुटली. ते माझ्याशिवाय कोणाला ऐकू गेलं नसावं.

निघताना तिने विचारलं, "आता हा कुठे ठेवणार?"

"रायफलीपासून लांब. कोणाला सापडणार नाही असा."

"ठेवा. पण बायकोला सांगून ठेवा."

आज मी ऑब्रेच्या लोखंडी कपाटात आहे. जमवणाऱ्यांनो, आमचे नंबर जरूर वाचा, पण माप घेतल्याशिवाय गाल लावू नका. बाकी माझी काळजी नको. स्पर्धेच्याच संध्याकाळी ऑब्रेने स्वयंपाकघरातल्या बायकोला हाक मारली होती. "मला काय करायचंय तुझ्या बोल्टाशी?" म्हणत ती पिठाच्या हातांनी आली, जागा बघितली आणि म्हणाली, "बरं, लक्षात ठेवते."