तंबोऱ्याच्या पोटातला बुक्का

मी एक जुना तंबोरा आहे, मित्रांनो, पण मला भोपळा नाही आणि तारही नाही. मी विजेवर चालणारी, पोळ्यांच्या डब्याएवढी पेटी. कारखान्यात माझ्या पोटात सर्किटची हिरवी पाटी बसवली, कोणीतरी बटण दाबलं आणि मी 'सा' धरला.

दिग्रसच्या इंदुताई कीर्तनकारांनी मला घरी आणलं. मग काय, देवळोदेवळी मुक्काम! पूर्वरंगात ताई अभंग उलगडायच्या, मध्यंतरी हार पडायचा, बुक्का लागायचा, उत्तररंगात कथा रंगायची. टाळ्या ताईंना मिळायच्या. पण सूर जरा हलला, की त्या माझ्याकडे कान करायच्या. तेवढं कौतुक मला पुरे होतं.

मळलो मात्र मी प्रेमानंच. बुक्का, उदबत्तीची राख, कापराची काजळी, सगळं माझ्या फटींतून आत जायचं. दसऱ्याला ताई मला हळदकुंकू वाहायच्या, वरून तीर्थ शिंपडायच्या. मी भक्तीनं भिजत गेलो आणि आतून गंजत गेलो.

यंदा ताई घशाच्या मोठ्या दुखण्यातून उठल्या. यवतमाळच्या दत्तमंदिरात त्यांचं त्यानंतरचं पहिलं कीर्तन ठरलं. त्या दिवशी तबलजी सुनीलला त्या म्हणाल्या, "आज गळा चालला तं पुढं गाईन. नाही तं हे शेवटचं."

आणि नेमका त्याच सकाळी मी खरखरलो! सूर डगमगू लागला. ताईंचा चेहरा उतरला. माझ्या आधाराशिवाय त्यांचा दुखरा गळा सूर उचलणार कसा?

दोघांनी मला एसटी स्टँडजवळ धम्मरत्नच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आणलं. त्यानं आधी सेल काढले. "प्लग काढला तरी पोटात करंट दडून राह्यते," म्हणत मीटर लावून पाहिलं, मगच झाकण उघडलं. आणि तो हसतच सुटला.

"ताई, याच्यात तं पुरं देवघर आहे!"

"दसऱ्याले पूजा केली रे. पाप झालं का?"

"पाप नाही, ताई. पण पाणी आहे न ते!"

सुनील घाईला आला होता. "पेट्रोलनं धुऊन टाक न झटक्यात. गाडी सुटून राह्यली."

"अन् ठिणगी पडली तं? कीर्तनात होळी पेटवतं का?"

धम्मरत्ननं खिडकी उघडली. बुद्धाच्या फोटोपुढची मेणबत्ती हात जोडून विझवली. कोरड्या ब्रशनं धूळ झाडली. मग मऊ ब्रश लवकर उडून जाणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून गंजाचे हिरवे डाग अलगद पुसले. "हेबी पेट घेते," तो म्हणाला, "म्हणून जपा लागते." मला गारगार वाटलं, गुदगुल्याही झाल्या.

तेवढ्यात सुनीलनं प्लग उचलला.

"थांब! ओल्यात लावला तं गेलाच तंबोरा!"

बाहेर यवतमाळ गाडीचा हॉर्न वाजला. "ताई, लोक उठून जातीन!" सुनील कळवळला.

ताईंनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि स्टूल ओढून बसल्या. "जाऊ दे गाडी. वाळू दे त्याले."

मी पुरता वाळल्यावर पुढच्या गाडीनं आम्ही पोचलो, तेव्हा कीर्तनाची वेळ टळून गेली होती. पण मंडपातून नामाचा गजर ऐकू येत होता. पुढं बसलेल्या जमनाबाई ओरडल्या, "या ताई! दत्ताले थांबवून ठेवलं तुमच्यासाठी!"

ताईंनी बटण दाबलं. माझा 'सा' स्वच्छ निघाला. पूर्वरंगात एकदा त्यांचा आवाज चिरला. ताई माझ्याकडे झुकल्या, डोळे मिटून ऐकत राहिल्या आणि हळूच सूर उचलला. आवाज पहिल्यापेक्षा बारीक होता, पण सुरात होता. सुनीलच्या तबल्यानं तो झेलला. उत्तररंगात तर ताई अशा रंगल्या, की आरतीनंतर त्यांनीच विचारलं, "पुढच्या गुरुवारी मंडप रिकामा आहे का हो?"

आज तो गुरुवार आहे, मित्रांनो. तुमच्या घरी जुना रेडिओ, टेप पडून असेल, तर तो टाकू नका. स्वतः उघडूही नका, जाणत्या माणसाकडे न्या. पाणी लावू नका, आणि साफ झाल्यावर वाळायला सवड द्या. आम्ही जुने झालो, तरी मुके व्हायची आम्हाला घाई नसते.

बरं, आता येतो. ताई उभ्या राहिल्यात. मला सूर धरायचाय.