भोपळा-शेंगेची शिडी

मी एक जुनी शिडी आहे, मित्रांनो, पण माझ्यावरून शेवटच्या पायरीपर्यंत कधी कोणी चढलेलं नाही. माझं काम वेगळं होतं. मला खांद्यावर घेऊन दोन माणसं मंचावर यायची, वळायची, धडपडायची आणि लोक हसायचे.

इंदूरच्या रामबागेत लक्ष्मण सुतारांनी मला देवदाराच्या हलक्या लाकडातून बनवलं. बनवताना ते कुरकुरत होते.

"ही काय शिडी आहे? मांजर चढली तरी मोडेल."

"चढायचं कुणाला आहे, भिया?" लक्ष्मीकांत अस्सल इंदुरी सुरात म्हणाले. "हिला फक्त फिरवायचं आहे."

लक्ष्मीकांत चांगले जाडजूड होते आणि त्यांचे मित्र वासुदेव अगदी काटकुळे. दोघं दिवसभर नोकरी करायचे आणि गणेशोत्सवात, संमेलनांत विनोदी खेळ करायचे. लोक त्यांना भोपळा आणि शेंग म्हणायचे. त्यांची खरी आडनावं फारशी कुणाला ठाऊक नव्हती.

खेळ साधा होता. दोघांना मंचावर एक पाटी लावायची असायची. माझं पुढचं टोक लक्ष्मीकांतांच्या खांद्यावर आणि मागचं वासुदेवांच्या हातात. विंगेतून कोणीतरी हाक मारायचं की लक्ष्मीकांत गर्रकन वळायचे. मी वासुदेवांच्या हातातून सुटायची, गोल फिरून त्यांच्या डोक्यावरून जायची आणि ते नेमक्या क्षणी खाली बसायचे. ते उठले की मी उलट्या बाजूने यायची. पाटी शेवटपर्यंत लागत नसे.

वासुदेवांना कधीच लागलं नाही. वळण्याआधी लक्ष्मीकांत माझ्या पहिल्या पायरीवर हळूच टिचकी मारायचे. ती माझ्या लाकडातून मागच्या टोकापर्यंत जायची आणि वासुदेवांच्या तळहाताला कळायची. लोकांना ती दिसायची नाही. ही गोष्ट आम्हा तिघांतच होती.

आम्ही खूप हिंडलो. एकदा गौतमपुऱ्याला गेलो. समोर सगळे शेतकरी, मराठीचा एक शब्द न कळणारे. पण मी पहिल्यांदा फिरले आणि पुढच्या रांगेतला एक म्हातारा हसता हसता सतरंजीवर आडवा झाला. लहानपणी आम्हाला पाहिलेले लोक मोठे होऊन आपल्या मुलांना घेऊन यायचे. पुढे काय होणार ते त्यांना पाठ असायचं, आणि तरी ते मुलांच्या आधी हसायचे.

मग एका दुपारी लक्ष्मीकांत इंदूरजवळच्या राऊ गावातल्या आपल्या घरी जेवून झोपले, ते उठलेच नाहीत.

वासुदेव अंत्यसंस्काराहून परत आले, आंघोळ केली आणि ओला टॉवेल माझ्यावर वाळत घातला. मी तेव्हा त्यांच्या गॅलरीत उभी होते. त्या दिवसापासून मी टॉवेल वाळत घालायची वस्तू झाले. ते माझ्याकडे बघत नसत. पावसाने माझं एक टोक काळं पडलं, कबुतरांनी पायऱ्या घाण केल्या. मला वाईट वाटलं का, ते सांगता येत नाही. लाकडाला वजन कळतं. टॉवेलचं वजन फार नसतं.

फोन मात्र येत राहिले. लोक त्या दोघांच्या आठवणी सांगायचे, सांगता सांगता हसायचे आणि मग रडायचे. वासुदेव "हो", "हो का" एवढंच म्हणायचे. त्यांचा आवाज चढत नसे, उतरत नसे.

"बाबा, एकदा रडून तरी घ्या," त्यांचा मुलगा समीर म्हणाला.

"येत नाही रे," वासुदेव म्हणाले. "हसूही येत नाही. जाऊ दे ना यार."

वर्षभराने भोपळा-शेंगेच्या चाहत्यांनी कार्यक्रम ठरवला. त्यांत पुढे होत्या विनीताताई. त्या राऊच्या एका कॉलेजात शिकवतात. लहानपणी त्या आणि त्यांचा भाऊ घरातला बांबू घेऊन आमचा खेळ करायचे. त्या मला न्यायला आल्या.

"काका, हॉलच्या भिंतीवर लावू हिला. लक्ष्मीकांतजींचा फोटो, खाली शिडी, वर हार. चालेल ना?"

"न्या," वासुदेव म्हणाले, आणि टॉवेल काढून त्यांनी खुर्चीवर टाकला.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. भिंतीत खिळे ठोकून झाले होते. पहिल्या रांगेत बसलेले वासुदेव त्या खिळ्यांकडे बघत होते. विनीताताईंनी हार उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"काका, भिंतीवर गेली की संपलंच," त्या म्हणाल्या. "त्याआधी एकदा फिरवू या का? पुढे मी धरते. जाडी तर मी आहेच."

लोक हसले. वासुदेव हसले नाहीत, पण मंचावर आले आणि त्यांनी माझं मागचं टोक धरलं. त्यांचा हात गार होता.

विनीताताईंना सगळं पाठ होतं, चाल, थांबणं, मान वळवणंसुद्धा. विंगेतून हाक आली. त्या गर्रकन वळल्या. टिचकी आलीच नाही. कुठून येणार? मी फिरले ती थेट वासुदेवांच्या कानावर आदळले. ते धाडकन पडले.

हॉल हसण्याने दणाणला. लोक टाळ्या वाजवत होते. मग त्यांच्या लक्षात आलं की शेंग उठत नाही, आणि टाळ्या थांबल्या.

विनीताताई मला टाकून धावल्या. "काका, लागलं का हो?"

वासुदेव कान धरून बसले होते. "लागलं," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "लागलं गं. खूप लागलं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कानाचं होतं की कशाचं, मला ठाऊक नाही. कोणी तरी पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"वळायच्या आधी पहिल्या पायरीवर टिचकी मार," ते म्हणाले. "तो मारायचा."

भोपळा-शेंगेची प्रत्येक हालचाल ओळखणारे लोक तिथे बसले होते. त्यांतल्या कुणालाच हे माहीत नव्हतं. विनीताताई माझ्या पहिल्या पायरीकडे बघत राहिल्या.

"अशी बघत काय बसलीस? उचल हिला. पहिल्यापासून परत घे."

त्या दिवशी मी भिंतीवर गेले नाही. आता दर रविवारी वासुदेव आणि विनीताताई त्याच हॉलमध्ये मला घेऊन सराव करतात. माझी घाण धुतली गेली आहे, काळ्या टोकाला तेल लावलं आहे. वासुदेव अजून हसत नाहीत. परवा समीरने विचारलं, "बाबा, आता बरं वाटतं ना?"

"माहीत नाही," ते म्हणाले. "पण रविवारी मी घरी नसतो, लक्षात ठेव."

मित्रांनो, ज्यांनी तुम्हाला हसवलं त्यांच्या वस्तूंना हार घालण्याची घाई करू नका. त्या पुसा, तेलपाणी करा, वापरा. आणि एखादा माणूस एक टोक धरून एकटाच उभा दिसला, तर कसं वाटतंय असं त्याला विचारत बसू नका. दुसरं टोक उचला.