ओपलला कोण सांगणार

"मी सांगणार नाही," नदीन म्हणाली आणि तिनं व्हॅनच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "माझं काम पोरांना आणायचं, भेटीच्या वेळी बसायचं, दिसेल ते लिहायचं आणि परत पोचवायचं. सांगायचं काम तुझं, ड्वाइट."

ड्वाइट कोम्ब्सनं डोळे चोळले. वय एकतीस, नोकरीला तीन वर्षं झालेली, आणि डोक्यावर सदतीस मुलांच्या फायली. "मिस नदीन, मला वाटलं समुपदेशक बाई सांगतील. त्या म्हणाल्या, पोर ज्या घरात राहते तिथंच सांगितलेलं बरं. म्हणून तिला सांभाळणाऱ्या गेलबाईंना फोन केला. तर त्या म्हणतात, हे सरकारी काम, आम्ही कशाला तिच्यापुढं वाईट व्हायचं?"

"म्हणजे पोरीला अजून काहीच माहीत नाही."

"आज शेवटची भेट आहे हे तिच्या आईला माहीत आहे. तिला मी कागद दिलाय. काय बोलायचं ते लिहिलंय त्यावर. पाच वाक्यं आहेत."

नदीननं किल्ल्या परत उचलल्या आणि ती बाहेर पडली.

नदीन रॅटलिफ एकोणीस वर्षं जिल्ह्याच्या बालकल्याण ऑफिसात हेच काम करत होती. त्याआधी ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. नवरा व्हर्नन खाणीतून छातीत धूळ भरून घरी बसला, तेव्हा त्याच्या औषधपाण्याचा विमा मिळेल अशी नोकरी तिनं शोधली आणि ती मिळाली ती ही. आईबापांपासून काढून घेतलेली मुलं आठवड्यातून एकदा तासभर त्यांना भेटत. त्या तासात खोलीच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर नदीन बसे. नियम एकच होता : डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं, स्वतःचं मत घालायचं नाही. आई किती वाजता आली, काय खायला आणलं, मूल रडलं का, किती वेळ. तिचं अक्षर शाळेतल्या मुलीसारखं गोल होतं आणि ऑफिसात तिच्या नोंदींना मान होता. मिस नदीन खोटं लिहीत नाहीत, असं न्यायाधीशसुद्धा म्हणत.

ओपलच्या आईची केससुद्धा या नोंदींवरच गेली होती.

केलीन स्टिडम सव्वीस वर्षांची होती. पाठ दुखते म्हणून डॉक्टरनं दिलेल्या गोळ्यांची तिला सवय लागली, आणि पुढे डॉक्टरनं देणं थांबवलं तरी गोळ्या थांबल्या नाहीत. चार वर्षांची ओपल एका सकाळी झोपायच्या कपड्यांत हमरस्त्याच्या कडेला उभी सापडली, तेव्हा केलीन घरात शुद्धीवर नव्हती. ते खरंच होतं, आणि केलीननं ते कधी नाकारलं नाही. पण त्यानंतर ती सुधारली होती. चौदा महिने तिनं गोळीला हात लावला नव्हता आणि वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात नोकरी धरली होती. गाडी बंद पडली म्हणून चार भेटी चुकल्या, तेवढ्याच.

आणि एका भेटीत ती झोपली. ओपल जमिनीवर ठोकळे रचत होती, केलीन सोफ्याला टेकली आणि तिचा डोळा लागला. नदीननं लिहिलं : आई अकरा मिनिटं झोपली. केलीनच्या अंगाला ब्लीचचा वास येत होता, बोटं धुण्याच्या पाण्यानं फुगून पांढरी पडली होती. रात्रपाळी करून ती थेट तिथं आली आहे हे नदीनला कळत होतं. पण नदीननं रात्रपाळी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. ती लिहिली नाही.

कोर्टात सरकारी वकिलानं तेवढी एकच ओळ मोठ्यानं वाचली. "हे तुम्ही लिहिलंत?" "हो." "सही तुमचीच?" "हो." पुढे त्यानं काही विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायची तिला सवय नव्हती. मूल बाहेर राहून बावीस महिने होऊन गेले होते, आणि कायद्याला तेवढे पुरतात. सप्टेंबरात केलीनचा ओपलवरचा हक्क संपला. शुक्रवारच्या भेटी न्यायाधीशांनी नोव्हेंबर संपेपर्यंत चालू ठेवल्या, शेवटची निरोपाची. आज त्यातला शेवटचा दिवस होता.

ओपल शाळेच्या पायऱ्यांवर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. सहा वर्षांची पोर, पिंगट केस थेट कमरेपर्यंत. व्हॅनमध्ये बसल्या बसल्या तिनं दोन्ही हातांनी डोकं खाजवायला सुरुवात केली.

"काय गं, काय झालं?"

"खाजतंय. काल रात्री पण खाजत होतं. मिस नदीन, आज मम्मी काय आणणार?"

"मला काय माहीत?"

"मी तिला चिकन आण म्हटलंय. मागच्या शुक्रवारी."

चौकातल्या लाल दिव्याला नदीननं मागे वळून पाहिलं. पोरीच्या मानेवर ओरखडे उठले होते. तिनं गाडी बाजूला घेतली, मागचं दार उघडलं आणि कानामागचे केस उचलले. बघायला चष्मा लागला नाही. उवा नुसत्या वळवळत होत्या, आणि केसाकेसाला लिखा चिकटलेल्या.

ऑफिसचा नियम भिंतीवरच लावलेला होता. मुलाच्या डोक्यात उवा असतील किंवा अंगावर पुरळ असेल, तर भेट रद्द, ताबडतोब कळवायचं, पुढची तारीख मिळेल. पण या पोरीसाठी पुढची तारीख उरलीच नव्हती.

नदीननं फोन हातात घेतला. एकोणीस वर्षांत तिनं पाहिलेलं काही कळवलं नाही असं झालं नव्हतं. नोकरीत आता तिचं दीड वर्ष राहिलं होतं. घरी व्हर्नन नाकात नळी घालून खुर्चीत बसलेला असेल. शेजारून कोळशाचा एक ट्रक गेला आणि सगळी व्हॅन हलली.

"मिस नदीन, आपल्याला उशीर होईल ना?"

"नाही होणार," नदीन म्हणाली आणि तिनं फोन खिशात टाकला. कोपऱ्यावरच्या स्वस्त वस्तूंच्या दुकानातून तिनं उवांची बारीक फणी, केस मऊ करायच्या मलमाची मोठी बाटली आणि एक टॉवेल घेतला.

ऑफिसात तिनं ओपलला मागच्या दारानं नेलं, न्हाणीघरात हातपाय धुवायला सोडलं आणि आधी एकटीच भेटीच्या खोलीत गेली. केलीन सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती. अंगात इस्त्री केलेला निळा सदरा, समोर चिकनचा डबा आणि बिस्किटं. ड्वाइटच्या कागदाची तिनं घडी घालून घालून त्याची चिंधी केली होती.

"हे मला वाचता येतं, मिस नदीन," ती म्हणाली. "बोलता येत नाही."

"केलीन, तिच्या डोक्यात उवा आहेत. खूप. मी कळवलं नाही." नदीननं पिशवी तिच्यापुढे धरली.

केलीननं पिशवीत पाहिलं, मग तिच्याकडे. "कळवलंत तर भेट रद्द."

"हो."

"मी झोपले होते, ते तर लगेच लिहिलंत."

"लिहिलं."

"आदल्या रात्री मी म्हाताऱ्यांच्या घाणीच्या चादरी धुवत होते. ते माहीत होतं तुम्हाला?"

"होतं," नदीन म्हणाली.

केलीननं मान हलवली. तिला रागवायचं असावं, पण तास सुरू झाला होता. तिनं बाह्या कोपरापर्यंत वर सरकवल्या आणि म्हणाली, "पाठवा तिला."

ओपल धावत आली. तिनं चिकनचं तंगडं हातात धरलं, एक घास खाल्ला, शाळेतल्या कुठल्याशा मुलाला कशी उलटी झाली ते सांगितलं. केलीननं टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला, तिला आपल्या दोन गुडघ्यांच्या मध्ये जमिनीवर बसवलं आणि केसांना ते पांढरं मलम चोपडलं. मग बट बट वेगळी करून ती विंचरू लागली. प्रत्येक वेळी फणी कागदी रुमालावर पुसायची, काय निघालं ते बघायची, पुन्हा मुळापासून टोकापर्यंत. असं ती पंचवीस मिनिटं करत होती.

"मम्मी, दुखतंय."

"थोडं दुखणारच. मान खाली कर."

"मॅमॉ आजी पण तुझ्या अशाच काढायची?"

"तुझी मॅमॉ तर घासलेट लावायची. तुझी चंगळ आहे."

ओपल हसली. केलीनही हसली, आणि मग हसू ओसरलं तरी हात चालूच राहिला.

"ओपल, ऐक. तू आता गेलबाईंकडेच राहायचंस."

"किती दिवस?"

"मोठी होईपर्यंत."

"आणि शुक्रवारी इकडं यायचं."

"नाही. पुढच्या शुक्रवारी नाही."

"मग त्याच्या पुढच्या?"

"नाही गं माझे बाई. आता कुठल्याच नाही."

पोरीनं मान वर करायला पाहिली. केलीननं तळहातानं ती हलकेच पुन्हा खाली केली. मागून विंचरणाऱ्या आईचा चेहरा मुलीला दिसत नव्हता. नदीनला दिसत होता. तिनं नजर वहीत घातली.

"मी काही केलं का?"

"तू काहीच नाही केलंस. माझ्या हातून झालं."

"मग सॉरी म्हण ना त्यांना."

"म्हटलं. खूपदा म्हटलं."

ओपलनं हातातलं तंगडं डब्यात नीट ठेवलं. "मग माझ्या उवा कोण काढणार?"

"निघाल्या बऱ्याचशा. राहिलेल्या गेलबाई काढतील. तू त्यांना सांगायचंस, मी मान खाली घालून बसते, हलत नाही. आणि लिखा कानामागं असतात, तिथं बघा म्हणायचं. लोक वर वर बघतात आणि सोडून देतात. लक्षात राहील?"

"कानामागं."

"शाबास."

मग मात्र पोर उलटी फिरली आणि ओल्या चिकट केसांसकट आईच्या गळ्यात पडली. निळ्या सदऱ्यावर मोठा डाग पसरला. केलीन तिला धरून डावीउजवीकडे हलत राहिली. त्या पाच वाक्यांतलं एकही वाक्य तिनं उच्चारलं नाही.

नदीननं वहीत लिहिलं : तीन ते चार. आईने मुलीचे केस विंचरले. जरा थांबून तिनं पुढे एक शब्द जोडला : नीट. मग सही केली.

चार वाजता ड्वाइटनं दारावर टकटक केलं आणि दार अर्धवट उघडून कुजबुजत विचारलं, "सांगितलं का तिनं?"

"सांगितलं," नदीन म्हणाली. "सगळ्यांच्या वाटचं सांगितलं."

परतीच्या वाटेवर ओपल खिडकीकडे तोंड करून बसली. रडली नाही. गेलबाईंचं घर पंधरा मिनिटांवर होतं. त्यांनी दार उघडलं, तेव्हा त्यांच्या खांद्यावर दुसरं एक तान्हं होतं आणि चुलीवर काहीतरी करपत होतं.

"कानामागं बघा," ओपल त्यांना म्हणाली आणि आत निघून गेली.

गेलबाईंनी नदीनकडे पाहिलं. नदीननं सगळं सांगितलं. बाई वाईट नव्हती. ती उंबऱ्यातच उभी राहिली, तान्ह्याला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "अरे देवा. मी रोज वेणी घालते तिची. मला कसं दिसलं नाही?"

"आज धुवू नका. उद्या पुन्हा विंचरा," नदीन म्हणाली. फणी तिनं त्यांच्या हातात दिली.

हमरस्त्याला लागली तेव्हा पाच वाजून गेले होते आणि डोंगराआड उजेड झपाट्यानं विझत चालला होता. पुलाच्या अलीकडे तिला केलीन दिसली. रस्त्याला पायवाट नव्हती; पांढऱ्या पट्ट्याच्या पलीकडच्या हातभर मातीतून ती चालली होती. सहा वाजता तिची रात्रपाळी सुरू व्हायची. तोच निळा सदरा अंगावर होता, आणि वर पातळ जाकीट.

नदीननं व्हॅन थांबवली आणि काच खाली केली. "बस, सोडते."

"नको, मिस नदीन."

"अंधार पडतोय. ट्रकवाल्यांना तू दिसायची नाहीस."

केलीन वाकली आणि तिनं आत पाहिलं. मागच्या बाकावर मुलांना बसवायची उंच खुर्ची पट्ट्यानं बांधलेली होती. "ती खुर्ची आहे ना तिथं," ती म्हणाली. "मला नाही जमायचं."

ती पुढे चालू लागली.

नदीननं चारही पिवळे दिवे लुकलुकते ठेवले आणि माणसाच्या पावलाच्या वेगानं व्हॅन तिच्या मागे लावली. मागून गाड्या आल्या आणि भोंगे वाजू लागले. एका ट्रकवाल्यानं शेजारून जाताना काच खाली करून शिवी हासडली. नदीननं आरशात पाहिलं नाही. दिव्यांचा पिवळा उजेड केलीनच्या पाठीवर पडत होता आणि जात होता. तिनं मागे वळून पाहिलं नाही, पण पुलावर जिथं कठडा अगदी रस्त्याला खेटतो, तिथंही पावलं भरभर उचलली नाहीत. आपल्या चालीनंच चालत राहिली. वृद्धाश्रमाच्या फाटकापर्यंत ते सव्वा मैल होतं.

धुलाईखान्याचं दार बाजूला होतं. त्याच्या डोक्यावर एक बल्ब होता. नदीननं व्हॅन रस्त्याच्या कडेला घेतली आणि दिवे बंद केले. बल्बखाली केलीननं जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून सदऱ्यावरचा डाग झाकला, पायपुसण्यावर दोन्ही बूट घासले, चिखल गेला की नाही ते वाकून पाहिलं, पुन्हा एकदा घासले, आणि आत गेली.