दहा वाजून बारा मिनिटांचा मुहूर्त

"झोपेतून उठल्यावर यंत्र पहिला शब्द कुणाचा ऐकतं, हे ज्याच्या हातात, उद्याचं जग त्याच्या हातात!" १९९८ सालच्या एका सोमवारी सौमित्रनं असं जाहीर केलं. श्रोते दोन. एक सोसायटीचे कारकून नानासो आणि दुसरं युरियाचं पोतं. नानासोंनी गंभीरपणे मान डोलावली आणि म्हणाले, "सर, स्टुलावरनं उतरा. त्याचा चौथा पाय मी धरलाय."

सौमित्र उतरला.

आष्ट्याजवळच्या शेतकऱ्यांच्या त्या सोसायटीत कुणीतरी टाकून दिलेले दहा कॉम्प्युटर येऊन पडले होते. दहाही जणांच्या हार्डडिस्क गेलेल्या. देह ठेवलेल्यांना खोली कशाला, असं चेअरमन तात्याबांचं मत. त्यांना तिथं युरिया ठेवायचा होता. सौमित्र म्हणत होता, डिस्क लागतच नाही. कोपऱ्यात डिस्क शाबूत असलेलं लिनक्सवालं एक मशीन आहे, त्याला हे सगळे वायरीनं जोडायचे आणि उठल्या उठल्या त्याला हाक मारायला शिकवणारा एक चिमुकला प्रोग्रॅम प्रत्येकाला द्यायचा. प्रोग्रॅम फुकट मिळतो, तोही मूळ मजकुरासकट. आपण तो कंपाइल करायचा, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवायचा, फ्लॉपीवर तपासायचा, मग सांगलीला नेऊन चिपमध्ये भरून आणायचा.

"सोमवारी बाराला येतो," तात्याबांनी निकाल दिला होता. "एक जरी उठला तर खोली तुमची. न्हाईतर पोती हायतच."

खोली गेली की सौमित्रचा कॉम्प्युटर क्लास गेला. क्लास गेला की साताऱ्याला सासऱ्यांच्या कंदी पेढ्यांच्या दुकानात बसायचं. सासऱ्यांनी तराजूशेजारची खुर्ची पुसूनही ठेवली होती.

त्या सोमवारी सासुरवाडीहून परतताना साताऱ्याची एसटी कऱ्हाडच्या अलीकडं पंक्चर झाली, त्यामुळं सौमित्र पोचलाच साडेदहाला. पहिलं कंपाइल अकराला संपलं. फ्लॉपी घातली. दहांतलं समोरचं यंत्र घरघरलं आणि म्हणालं, वायर जोडायचं नेटवर्क कार्ड सापडत नाही. सौमित्र हसला. कार्डाचा पत्ता चुकला होता. मूळ मजकुरात एक आकडा बदलला की झालं. या आनंदात तो चहा पिऊन आला. येतो तो लिनक्सवाल्या मशीनला हळद-कुंकू लागलेलं आणि नारळाच्या दोन वाट्या कीबोर्डवर. पाणी कीबोर्डात गेलेलं नाही एवढं पाहून त्यानं वाट्या बाजूला ठेवल्या.

आकडा बदलला. पुन्हा कंपाइल करायला 'मेक' म्हणून हुकूम सोडला. मेकनं डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगितलं, सगळं ताजंच आहे, करण्यासारखं काही नाही. घाईत सौमित्रनं ते वाचलंच नाही. फ्लॉपी भरली. कार्ड सापडत नाही.

दुसरा आकडा टाकला. कार्ड सापडत नाही. तो उठला, वायर काढली, घातली, बसला, पुन्हा उठला. यंत्राचं झाकण काढून कार्डाचे दात खोडरबरानं घासले. घड्याळ बघितलं. साडेअकरा. पुन्हा 'मेक' सोडलं आणि या वेळी त्याचं उत्तर वाचलं.

"सर, बसा की घटकाभर," नानासो म्हणाले. "उठायचंय त्येला, आन् उठताय तुमी."

"अहो, मी बदल केलाय, आणि हा म्हणतो काही बदललंच नाही!"

"मंग चेअरमन व्हायला लायक हाय."

सौमित्रनं फायलींची यादी पडद्यावर काढली. त्याचा ताजा बदल दहा वाजून सत्तावीस मिनिटांचा. आधी कंपाइल होऊन तयार झालेला माल अकराचा. मनगटावर अकरा चाळीस. मेक हा काटेकोर गडी. तयार मालापेक्षा मूळ मजकूर नवा दिसला तरच तो कामाला हात लावतो. इथं त्याच्या लेखी सौमित्र भूतकाळात बसून आकडे बदलत होता.

"नानासो, मशीनच्या घड्याळाला हात लावलात?"

"लावला की. तुमीच शिकिवलंय, मशीन चालू केलं की येळ लावायची."

"बरोबर वेळ लावायची!"

"आवं, मुहूर्त धा वाजून बारा मिंटांचा हुता. तुमची यष्टी पंक्चर. मंग तुमी चहाला गेल्यावर मशीनचं घड्याळ मागं घेतलं आन् बरोबर मुहूर्तावर नारळ फोडला. पुतणीच्या लग्नात तर पाऊण तास मागं घेतलंवतं. आज दोन पोरं हायत तिला."

"तिच्या लग्नात मेक नव्हता!"

"आता समद्यास्नी कुठं आवातनं दिली म्हणा."

सौमित्र मशीनकडं वळला. घड्याळ पुढं घेतलं, जुना तयार माल पुसून टाकला आणि पहिल्यापासून कंपाइल सुरू केलं. पडद्यावर ओळी धावू लागल्या. मध्येच थांबत, पुन्हा धावत. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. पहिला हमाल पोतं घेऊन दारात आला, मागोमाग दुसरा, त्यांच्यामागं तात्याबा.

"कुठं ठिवू, मालक?" हमाल.

"थांब जरा," तात्याबा म्हणाले. हमाल पोत्यासकट थांबला.

कंपाइल संपलं. सौमित्रनं फ्लॉपी भरली, समोरच्या यंत्रात घातली, बटण दाबलं. घरघर. शांतता. पुन्हा घरघर. मग पडद्यावर एक ओळ: कार्ड सापडलं. तिच्याखाली दुसरी. मग कोपऱ्यातल्या मशीनकडून वायरीवरून अख्खी सिस्टीम भराभरा उतरत राहिली आणि डिस्क नसलेलं ते यंत्र नाव विचारत उभं राहिलं.

तात्याबांनी पडद्यात डोकावून पाहिलं. मग हमालांना म्हणाले, "पोती शेडात न्या."

सौमित्र दोन्ही हात पाठीमागं बांधून यंत्रासमोर उभा राहिला, तात्याबा आता काय म्हणतात याकडं कान देऊन. तात्याबांनी त्याच्यामागं, यंत्राशेजारच्या टेबलफॅनसमोर खुर्ची ओढली, बसले, गळ्याचा घाम उपरण्यानं टिपला.

"सर."

"जी?"

"उलिसं बाजूला सरकता का? पंख्याचं वारं आडतंय."